रोमपर्यंतचा सोबती

१२ ऑगस्ट १९५९, बुधवार

सरकारचं पत्र आलं. आमच्या मच्छीमार सोसायटीचा अर्ज मंजूर झाला. डेन्मार्क देशात कोपनहेगन शहरी बोटीच्या इंजिनाचं तीन महिन्यांचं शिक्षण, आणि ते पुरं करून माणूस परतला की सोसायटीला एक डिझेल इंजिन. आमच्या किनाऱ्यावर अजून सगळे मचवे शिडावरच चालतात. वारा पडला की मासळी बंदराला लागेपर्यंत नरम होते. त्यामुळे हे इंजिन म्हणजे काय, ते इथे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. अट एकच. ५ ऑक्टोबरला सकाळी माणूस वर्गात हजर पाहिजे. नसेल तर ती जागा, आणि इंजिन, दुसऱ्या जिल्ह्याला.

पत्रात म्हटलं आहे, 'एक अनुभवी नाखवा व त्याच्या सोबतीस एक इंग्रजी जाणणारा इसम.' अनुभवी नाखवा म्हणून धर्माजी चेअरमननी गुणाजी नाखव्यांचं नाव सुचवलं. इंग्रजी जाणणारा इसम किहीमपासून थळपर्यंतच्या कोळीवाड्यांत एकच आहे. त्याचं नाव लिहायला मला संकोच वाटत होता, पण चिटणीस मीच असल्यामुळे लिहावं लागलं.

घरी बायकोला सांगितलं. मनुबाई म्हणाली, गुणाजीकाका सोबत आहेत ना, मग काळजी नाही. मी तिला समजावलं की त्यांच्या सोबतीला मी आहे, माझ्या सोबतीला ते नाहीत. ती भाकऱ्या थापत होती. 'बरं,' म्हणाली.

१४ सप्टेंबर, सोमवार

आज रेवसहून लाँचने मुंबईस जाऊन आलो. पासपोर्ट मिळाले, डेन्मार्कचा व्हिसाही झाला. तिकिटाच्या कचेरीत मात्र एका कारकुनाशी मला बरंच डोकं लावावं लागलं.

प्रकार असा. मुंबईचं विमान आम्हाला रोमला सोडणार, शुक्रवारी सकाळी सात वाजता. कोपनहेगनचं विमान तिथून शनिवारी सकाळी दहाला. कारकून म्हणाला, हे सत्तावीस तास झाले. चोवीस तासांच्या आत पुढचं विमान असेल तर विमानतळावरच्या प्रवाशांच्या खोलीत बसता येतं, व्हिसा लागत नाही. वर गेलं तर इटलीचा व्हिसा इथूनच काढून न्यायचा, तिथे मिळत नाही.

नियम मला मान्य होता. त्याचं गणित मान्य नव्हतं. हिंदुस्थान रोमच्या साडेचार तास पुढे आहे, ही गोष्ट तो विसरला होता. सत्तावीसातून साडेचार वजा केले की साडेबावीस उरतात. मी त्याला कागदावर करून दाखवलं. त्याने दोनदा वेगळंच काहीतरी समजावण्याचा प्रयत्न केला, मग हात जोडले आणि पुढच्या माणसाला बोलावलं. त्या खुर्चीवर बसणाऱ्याला भूगोल येऊ नये याचं वाईट वाटलं. व्हिसाला आठ दिवस आणि निदान तीन खेपा लागल्या असत्या. त्या वाचल्या.

परतताना गुणाजी लाँचच्या इंजिनवाल्याशेजारी बसले. दर खेपेला तिथेच बसतात, ऊब मिळते म्हणून असेल. मधेच माझ्याकडे येऊन म्हणाले, "चिटणीस, शुक्रवारी उतरताना भरती धर. मंग सांजची भरती, मंग शनवारची सकाळची भरती, ती पण ओसराया लागली तवा आपलं विमान. दिसापरीस जास्त झालं का न्हाय?"

मी सांगितलं, विमानाला भरती-ओहोटी नसते. ते 'व्हय, ते पण खरं' म्हणाले आणि पुन्हा इंजिनापाशी जाऊन बसले.

३० सप्टेंबर, बुधवार

निरोप समारंभ झाला. बँड, हार, फेटे. मी 'आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाचे नियम' या विषयावर चाळीस मिनिटं बोललो. लोक इतके तल्लीन झाले होते की पुढच्या रांगेतल्या भागोजीने डोळे मिटून घेतले होते. मग गुणाजी उठले, 'जातो, शिकतो, येतो' एवढं म्हणून बसले. त्यांना टाळ्या जास्त पडल्या, पण त्या बसल्याबद्दल असाव्यात.

अलिबागच्या एका वकिलांनी मला त्यांचा लोकरीचा ओव्हरकोट दिला आहे. बाह्या बोटांच्या पुढे चार अंगुळं जातात. गुणाजींनी सामानात सुक्या बोंबलांचा डबा घेतला. परदेशात हे शोभत नाही असं मी सुचवलं. ते म्हणाले, शोभाया न्हाय, खायाला नेतोय.

१ ऑक्टोबर, गुरुवार

विमानात. विमान हलतं, अक्षर बिघडतं, म्हणून जास्त लिहीत नाही. गुणाजी झोपले आहेत.

२ ऑक्टोबर, शुक्रवार. रोमचा विमानतळ

जे झालं ते क्रमाने लिहितो, म्हणजे निदान मला तरी समजेल.

सात वाजता उतरलो. टेबलाशी बसलेल्या अंमलदाराने आमची तिकिटं पाहिली, पासपोर्टांची पानं उलटली, पुन्हा तिकिटं पाहिली. मग विमान कंपनीच्या एका बाईंना बोलावलं. त्यांचा निळा पोशाख, इंग्रजी स्वच्छ. त्या म्हणाल्या, तुम्हाला इथे सत्तावीस तास थांबायचं आहे आणि तुमच्याकडे इटलीचा व्हिसा नाही. मी हसून पेन्सिल काढली आणि सत्तावीस वजा साडेचार मांडून दाखवलं. बाईंनी शांतपणे सगळं पाहिलं. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं.

"हे घड्याळ आज सात वाजता इथेच होतं," त्या म्हणाल्या. "उद्या दहा वाजताही इथेच असेल. तुमचे साडेचार तास कुठे गेले?"

मी पेन्सिल पुन्हा कागदावर टेकवली. तिथे उभ्या उभ्या माझ्या लक्षात आलं की माणूस एका जागी बसून राहिला तर त्याचे तास कोणी वजा करत नाही. मुंबईचा कारकून हेच सांगत होता. अंगावरचा कोट एकदम फार जड झाला.

अंमलदार रागावला नव्हता. त्याचं म्हणणं इतकंच, की उद्या सकाळी सातच्या पुढे आम्हाला या खोलीत ठेवता येत नाही, आणि व्हिसाशिवाय बाहेर सोडता येत नाही. दहाचं विमान तीन तास उशिराचं. तेव्हा आज संध्याकाळच्या विमानाने आम्ही मुंबईला परत जावं. मी त्याला ५ तारीख सांगितली, इंजिन सांगितलं, आमचा कुलाबा जिल्हा सांगितला. तो मान हलवत राहिला. मला वाटतं, त्याला इंग्रजी येत नव्हतं.

बाईंना मात्र कळलं. त्यांनी तासभर फोन केले. मग येऊन म्हणाल्या, आज दुपारी दोनला कोपनहेगनचं एक विमान आहे. त्यात एक जागा रिकामी आहे. सोमवारपर्यंत दुसरी कुठेच नाही. एकाचं नाव सांगा, दुसऱ्याला संध्याकाळी मुंबईला पाठवू.

मी गुणाजींकडे गेलो. ते खिडकीपाशी उभे होते. मी सगळं सांगितलं, चूक माझी हेही सांगितलं. ते बोलतील म्हणून मान खाली घालून उभा राहिलो. त्यांनी एवढंच विचारलं, "म्हंजे एक मानूस पोचतंय?"

"होय."

"मंग तू जा, अंबाजी. तुला बोलता येतंय."

इथे खोटं कशाला लिहू. मला आनंद झाला. त्यांचं म्हणणं मला रास्तच वाटलं. भाषा न येणाऱ्या माणसाला परमुलखात एकटं पाठवणं म्हणजे क्रूरपणा, अशी वाक्यंसुद्धा मनात तयार झाली. मी परत जाऊन बाईंना माझं नाव दिलं. त्यांनी ते तिकिटावर लिहिलं.

तिकडून परतताना पाहतो तर गुणाजी काचेवर बोटांनी टकटक करत होते. बाहेर सामानाच्या गाड्या ओढणारं एक छोटं इंजिन बंद पडलं होतं आणि एक मिस्त्री त्याच्यावर वाकून शिव्या देत असावा. शिव्या कोणत्याही भाषेत ओळखू येतात. त्याने वर पाहिलं. गुणाजींनी मूठ तोंडाशी धरून गाल फुगवले, मग बोटाने एका नळीकडे दाखवलं. मिस्त्रीने ती नळी काढली, तोंडाने फुंकली, परत बसवली. इंजिन चालू झालं. त्याने गुणाजींना टोपी काढून सलाम केला.

हे कुठे शिकलात, असं मी विचारलं. ते म्हणाले, "रेवसच्या लाँचवर. तिथला इंजिनवाला रोज तसंच करतो."

मी बाकावर बसलो. मी कोपनहेगनला पोचलो तर तीन महिन्यांनी येऊन सोसायटीला इंजिनाचं उत्तम वर्णन करीन. चाळीस मिनिटं करीन. इंजिन चालवणार कोण? मला तर त्यातली नळी कोणती हेही ठाऊक नव्हतं.

उठलो आणि बाईंकडे जाऊन नाव बदलायला सांगितलं. हे मी मोठेपणाने केलं असं समजण्याचं कारण नाही. त्यांनी माझं नाव खोडून वर गुणाजींचं लिहिलं, तेव्हा मला रडू येत होतं. ते आवरायला दुसरीकडे पाहावं लागलं.

उरलेला वेळ मी सूचना लिहिण्यात घालवला. एका पुठ्ठ्यावर इंग्रजीत, 'हे गुणाजी नाखवा, कोपनहेगनला जात आहेत, कृपया मदत करावी' आणि शाळेचा पत्ता. शिवाय त्यांच्यासाठी मराठीत सतरा कलमं. सतरावं कलम लिहून झाल्यावर आठवलं, त्यांना वाचता येत नाही. त्यांनी तो कागद तरीही नीट घडी करून टोपीत ठेवला. पुठ्ठा गळ्यात अडकवायला मात्र नकार दिला. म्हणाले, बैलाच्या गळ्यात पाटी बांधत्यात बाजारात.

कोटही त्यांनाच दिला. बाह्या त्यांना बरोबर बसल्या.

दाराशी त्यांनी बोंबलांचा डबा काढला, निम्मे बोंबील कागदात बांधून माझ्या हातात दिले आणि मागे न बघता बाकीच्या प्रवाशांबरोबर निघून गेले. मीच काचेला नाक लावून उभा होतो.

आता पाच वाजले. भूक लागली म्हणून पुडी उघडली. दोन मिनिटांत बाकावरची तिन्ही माणसं उठून गेली. आडवं व्हायला चांगली जागा झाली आहे.

४ ऑक्टोबर, रविवार. मुंबई

काल परत आलो. बुधवारी बँड लावून निघालेला माणूस रविवारी रिकाम्या हाताने गावात कसा शिरणार? रात्रभर विचार करून एक निर्णय घेतला आहे. खोटं बोलायचं नाही. फक्त दिसायचं नाही. उद्याच्या बोटीने श्रीवर्धनला उतरून हरिहरेश्वरला धर्मशाळेत जातो. तिथे आमच्या गावचं कोणी नाही. तीन महिने ईश्वरचिंतनात घालवीन.

९ ऑक्टोबर, शुक्रवार. हरिहरेश्वर

चौथ्या दिवशीच सापडलो.

सकाळी देवळामागच्या खडकांवरून प्रदक्षिणा करत होतो. समोरून दोन बायका आल्या. एक मनुबाईची काशीमावशी. दुसरी मनुबाई. हातात नारळ.

वळायला जागा नव्हती. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला समुद्र. काशीमावशीने भूत दिसल्यासारखं पदर तोंडाला लावला. मनुबाईने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"पोचलात का?" तिने विचारलं.

"रोमपर्यंत," मी म्हणालो.

"रोम तिकडे, हरेश्वर इकडे. घर मधेच राहिलं."

मग मी तिथेच खडकावर बसून सगळं सांगितलं. साडेचार तासही सांगितले. शेवटी तिने इतकंच विचारलं, की गुणाजीकाका पुढे गेले ना. मी गेले म्हटल्यावर तिने कळसाकडे बघून हात जोडले आणि म्हणाली, म्हणजे नवस फळला.

माझ्या सुखरूप प्रवासासाठी ती एवढ्या लांब आली, याचं मला फार अप्रूप वाटलं. तसं मी बोललोही. ती म्हणाली, नवस इंजिनाचा होता, गावातल्या सगळ्या बायकांनी मिळून केलेला, नारळ चढवायला तिला पाठवलं. मी खडकावरून उठलो. जरा चालून गेल्यावर मागे न वळता म्हणाली, "तुमच्यासाठी सोमवार धरलेत. ते वेगळे."

उद्या घरी निघायचं आहे.

११ ऑक्टोबर, रविवार

सोसायटीच्या सभेत सगळं सांगितलं. धर्माजी चेअरमन म्हणाले, ते गणित एकदा फळ्यावर करून दाखव. मी दाखवलं. मग पहिल्यांदा भागोजी हसला, आणि नंतर कोणी हसायचं राहिलं नाही. हसणं थांबल्यावर धर्माजींनी विचारलं, तिकिटावर लिहिलेलं नाव खोडायला तुला कोणी सांगितलं? मी म्हणालो, कोणी नाही. त्यांनी मान हलवली आणि पुढचा विषय घेतला.

गावात माझं नाव आता 'साडेचार' आहे. बाजारात नीराबाईने कोलंबीचे वाटे मोजताना पाचवा वाटा अर्धाच ठेवला, आणि मी विचारलं तर म्हणाली, तुमच्या हिशेबाने.

१८ नोव्हेंबर, बुधवार

कोपनहेगनहून पत्र. गुणाजींच्या शिक्षकाने इंग्रजीत लिहिलं आहे, गुणाजींनी हातवाऱ्यांनी सांगितलेलं. ते सभेत वाचून मराठी करून सांगणारा अर्थात मीच.

तब्येत बरी, थंडी फार, कोट चांगला. मासळी पुष्कळ, पण इथले लोक ती गोड करून खातात, त्याला इलाज नाही. इंजिन दोनदा खोलून दोनदा जोडलं. मग पुढची ओळ आली. मी थांबलो. ती ओळ गाळली असती तरी कोणाला कळलं नसतं, कारण इंग्रजी येणारा मी एकटा. पण सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि मनुबाई दारात उभी होती.

वाचली. 'अंबाजीला सांगावे की वाईट वाटून घेऊ नये. इथल्या होड्यांवर इंग्रजी कोणालाच येत नाही. त्यांना त्यांची बोली येते, मला माझी. काम चालते.'

कोणी हसलं नाही. ते जास्त अवघड होतं. भागोजीने मला पाणी आणून दिलं.

९ जानेवारी १९६०, शनिवार

गुणाजी आले. पाठीवर पिशवी, अंगावर कोट, वर कोळ्याची लाल टोपी. बँड लावायचा बेत त्यांनीच मोडला.

परतीच्या वाटेवर रोमला तीस तास होते, असं त्यांनी सहज सांगितलं. मी लगेच तिसातून चोवीस वजा केले, सहा तास जास्त. पण त्यांनी कोपनहेगनलाच इटलीच्या कचेरीत जाऊन, पासपोर्ट आणि तिकीट टेबलावर ठेवून, दोन हातांची बोटं तीन वेळा दाखवली होती. त्या लोकांनी शिक्का मारून दिला. मग रोमला उतरल्यावर ते सरळ बाहेर पडले, समुद्र कुठे ते खुणेने विचारत गेले, आणि एक अख्खा दिवस तिथल्या कोळ्यांबरोबर जाळी शिवत बसले. त्यांची गाठ आपल्यापेक्षा वेगळी आहे म्हणतात. शिकून आलेत.

मी विचारलं, व्हिसा लागेल हे तुम्हाला कसं कळलं.

"तूच सांगितलंस ना भाषणात. चोवीसच्या वर गेलं का शिक्का पायजे. नियम तुझा बरोबरच होता."

२१ मार्च, सोमवार

काल इंजिन मचव्यावर चढलं. गुणाजींनी चालू केलं. वारा अजिबात नव्हता. खांदेरी बेटाला वळसा घालून दीड तासात परत. किनाऱ्यावर बायका ओरडत होत्या, मी मचव्यात होतो, म्हणून मनुबाई काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. नंतर विचारलं तर म्हणाली, काही नाही, धूर डोळ्यांत गेला.

आज सरकारला अहवाल पाठवायचा होता. छापील नमुना. 'प्रशिक्षण घेतलेल्या इसमाचे नाव' इथे गुणाजींचं लिहिलं. 'सोबत गेलेल्या इसमाने दिलेली सेवा' या रकान्यापाशी पेन थांबलं. धर्माजी म्हणाले, लिही काहीतरी चांगलं, कोण बघतंय. मी लिहिलं, 'रोमपर्यंत सोबत. पुढे सोबतीची गरज पडली नाही.'

खाली गुणाजींचा अंगठा घ्यायला शाईची डबी काढली. त्यांनी ती बाजूला केली, माझ्या हातातून पेन घेतलं आणि जीभ दातांत धरून हळूहळू सही केली. इंग्रजी अक्षरांत, पूर्ण नाव. कोपनहेगनला दर आठवड्याला हजेरीवर करावी लागायची म्हणे, म्हणून शिकले.

मी विचारलं, मराठीत नाही येत? म्हणाले, मराठीत कोणी विचारलंच न्हाय कवा.

संध्याकाळी ओट्यावर पाटी घेऊन बसलो. 'ग' काढून दिला. त्यांनी तो तीनदा गिरवला. तिसरा बरा आला. तो लांब धरून बघत त्यांनी विचारलं, पुढल्या खेपेला पासपोर्टावर अंगठ्याच्या जागी मराठी सही चालेल का.

मी म्हणालो, मला नक्की माहीत नाही. उद्या पत्र लिहून विचारतो.